किमान २०० शब्द

वहीतल्या प्रत्येक ओळीच्या टोकाला पेन्सिलीने बारीक आकडे घातले होते. ८, १७, २५, ३४... असं करत शेवटून दुसऱ्या ओळीपाशी १९४. त्याखाली शेवटचं वाक्य होतं, 'म्हणून मला उन्हाळा खूप खूप आवडतो.' दुसरा 'खूप' आधी नव्हता, तो हंसपद देऊन वर घातला होता. त्या वाक्यात सहा शब्द झाले आणि २०० भरले.

वही आठवीतल्या एका मुलीची, विषय 'आमच्याकडचा उन्हाळा'. त्या वाक्याच्या चार ओळी वर तिनेच लिहिलं होतं की मे महिन्यात तिचा घोळणा फुटतो. मग आजी टाळूवर ओलं फडकं ठेवते आणि नाकाशी फोडलेला कांदा धरते. कांद्याने तिच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि घरच्यांना वाटतं रक्त पाहून रडतेय. हे लिहिणाऱ्या मुलीला उन्हाळा खूप आवडत नाही, खूप खूप तर नाहीच. तिला फक्त २०० शब्द पुरे करायचे होते, आणि तो नियम माझा होता.

नागपुरातल्या एका शाळेत मी ३१ वर्षं मराठी शिकवलं. २०० शब्दांपेक्षा कमी निबंध तपासणार नाही, हे वर्षाच्या पहिल्याच तासाला सांगून टाकायची. सोबतच्या बाईंना ते पटत नसे. 'मुलांना मोजायला लावता तुम्ही, लिहायला नाही,' असं त्या म्हणत. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, पण त्यांचं हे वाक्य अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

नियम का केला ते आधी सांगते. पहिल्या वर्षी ४५ वह्या तपासायला घेतल्या, तर ४५ वह्यांत एकच निबंध. 'उन्हाळा हा तीन ऋतूंपैकी एक ऋतू आहे. उन्हाळ्यात खूप ऊन असते. आंबे येतात. शाळेला सुट्टी लागते.' पाच ओळी, खाली रेघ. मुलं आळशी नव्हती. आपण सगळं सांगून टाकलं असं त्यांना मनापासून वाटत होतं. नागपूरचं ऊन नागपूरच्याच बाईंना काय सांगायचं? बाईही त्याच उन्हात, डोक्यावरून स्कार्फ बांधून शाळेत येतात.

मग मी त्यांना वर्गातच लिहायला बसवलं आणि पाहत राहिले. पहिल्या ७०-८० शब्दांपर्यंत पेन भराभर चालतं. ते शब्द कुणाचेच नसतात. गाइडमधून, दादाच्या जुन्या वहीतून, परिपाठातल्या भाषणातून आलेले असतात. तो साठा संपला की पेन थांबतं. टोपण दातात जातं, नजर खिडकीबाहेर. कुणीतरी म्हणतं, 'मॅडम, झालं ना लिहून, आता अजून काय लिहू?' मी म्हणायची, अजून १२० राहिले. ते मूल पुन्हा खाली बघतं, आणि आता जे येतं ते त्याच्या घरातलं असतं. एकाने लिहिलं, संध्याकाळी आजोबा गच्चीवर पाणी मारतात, पहिल्या बादलीला फरशी 'चर्र' असा आवाज करते, दुसरीला करत नाही, आणि आवाज थांबला की गाद्या वर न्यायच्या. दुसरीने लिहिलं, फुटाळ्यावर फिरायला गेल्यावर आई भुट्टा एकच घेते आणि मधून मोडून दोघी बहिणींना देते, पण मोठा तुकडा कुणाला ते आज कोण जास्त रडलं यावर. ही वाक्यं निबंधाच्या दुसऱ्या अर्ध्यात होती. पाच ओळींवर रेघ ओढली असती तर ती कधी आलीच नसती.

हापशीला सुरुवातीला काही हात कोरडेच मारावे लागतात. ज्याने त्या कोरड्या हातांनंतर 'पाणी नाही' म्हणून बादली उचलली, त्याचं काय? तेवढ्यासाठी तो आकडा होता.

माझे बाबा तारघरात होते, खिडकीवर. त्यांचं सगळं आयुष्य याच्या उलट्या नियमात गेलं. तारेचे पैसे शब्दावर. पत्त्याचेही शब्द मोजले जायचे. लोक पैसे वाचवायला दोन शब्द जोडून एक करून आणत, बाबा पेन्सिलीने त्यांच्या मधोमध उभी रेघ मारत. पण माणूस निरक्षर असेल, रडत असेल, तर फॉर्म स्वतःकडे ओढून घेत आणि विचारत, 'कुणाला सांगायचं आहे? त्यांना काय काय माहीत आहे?' हा दुसरा प्रश्न मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलाय, की त्यांच्या आवाजासकट आठवतो. समोरच्याला जे ठाऊक आहे ते गाळायचं, जे ठाऊक नाही त्यातलं एकही गाळायचं नाही. 'पोचलो' हा एका शब्दाचा मजकूर त्यांच्या मते सगळ्यात सुंदर होता. कारण कोण, कुठे, कोणत्या गाडीने हे सगळं घरी दिवा लावून बसलेल्या माणसाकडे आधीपासून असतं.

शुभेच्छांना तर शब्दही नको असत. दिवाळी, ईद, लग्न यांची छापील वाक्यं क्रमांकासकट यादीत होती. तारेत नुसता क्रमांक जायचा, पलीकडच्या तारघरात वाक्य उमटायचं. बाबांना त्यात काही गैर वाटत नसे. आनंद दोन्हीकडे सारखाच असतो, तो क्रमांकानेही पोचतो, असं म्हणायचे. मरणाच्या बाबतीत मात्र ते असं कधी म्हणाले नाहीत. १४ जुलै २०१३ च्या रात्री देशातली तारसेवा बंद झाली. त्या दिवशी जेवताना ते त्यांच्या हातून गेलेल्या तारा आठवत होते, आणि त्यातली शुभेच्छांची एकही नव्हती.

पुढे बाबा गेले तेव्हा माझ्या फोनवर दोन दिवसांत शेकडो संदेश आले. बहुतेकांत दोनच शब्द, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मी कुणाला नावं ठेवत नाही. दुःखापुढे माणसाला शब्द सुचत नाहीत, तेव्हा तयार शब्द हाताशी असणं ही सोय आहे, आणि प्रत्येकाने आपापल्या कामातून क्षणभर थांबूनच ते पाठवले असणार. पण वाचताना मी बाबांना शोधत होते, आणि ते त्या शब्दांत नव्हते. ते दोन शब्द कुणाच्याही वडिलांना लागू होते. मग बाबांच्या हाताखाली काही दिवस काढलेल्या एकाचा संदेश आला. लिहिलं होतं, 'साहेब पेन्सिल इतकी लहान होईपर्यंत वापरायचे की शेवटी ती पेनाच्या टोपणात खोचून धरायचे. मी पण आता तसंच करतो.' मी फोन तिथेच ठेवला आणि बाबांचं टेबल उघडलं. खणात टोपणात खोचलेली पेन्सिल होतीच.

अशा खुणेला आपल्याकडे एक जुना शब्द आहे, आणि तो नागपूरपासून फार लांबचा नाही. रामटेक इथून पन्नासेक किलोमीटर. 'मेघदूता'तला रामगिरी तो हाच, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडलं, आणि आम्हा नागपूरकरांना ते मनापासून पटलेलं आहे. शाळेची सहल दर दोन वर्षांनी तिथे जायची. गडावर उभं राहून मुलांना मी विचारायची, ढगाकरवी बायकोला धाडलेला यक्षाचा निरोप खरं तर केवढा? मी बरा आहे, चार महिने राहिलेत, तेवढे काढ. बाबांच्या खिडकीवर सात-आठ शब्दांत मावला असता. मग कालिदासाला मंदाक्रांतेतले शंभराहून जास्त श्लोक का लागले, चार चरणांचे, चरणाला १७ अक्षरं?

मुलं वर्णनाचं सांगायची, वाटेवरच्या नद्यांचं, नगरांचं. बरोबरच आहे. पण मला त्यातलं अगदी शेवटाकडचं एक स्थळ हवं असायचं. निरोप सांगून झालेला आहे, तरी यक्ष थांबत नाही. त्याला शंका आली असावी. हा ढग, अनोळखी. तिने याच्यावर विश्वास का ठेवावा? म्हणून तो ढगाला आणखी एक गोष्ट सांगतो, जी त्या दोघांखेरीज कुणालाच माहीत नाही. एकदा ती त्याच्या गळ्यात हात टाकून झोपली होती आणि अचानक मोठ्याने रडत जागी झाली. काय झालं म्हणून त्याने पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा मनातल्या मनात हसून म्हणाली, लबाडा, स्वप्नात तू दुसरीबरोबर होतास. एवढंच. आणि तो म्हणतो, या खुणेवरून ओळख की मी कुशल आहे. खुणेला कालिदासाचा शब्द आहे 'अभिज्ञान'. शकुंतलेच्या अंगठीचा तोच शब्द.

निरोपाला किमान किती लांबी हवी, याचं माझं उत्तर त्या श्लोकात आहे. अभिज्ञान येईपर्यंत. कांद्याने डोळ्यांत आलेलं पाणी हे अभिज्ञान, फरशीचा 'चर्र' हे अभिज्ञान, टोपणातली पेन्सिल हेही. हे दुसऱ्या कुणी लिहिलेलं असूच शकत नाही, याची ती खूण. पण नियम करणाऱ्याला अभिज्ञान मोजता येत नाही, शब्द मोजता येतात. म्हणून तो शब्दांचा आकडा लावतो आणि त्या वाटेने खूण येईल अशी आशा धरतो.

आकडा मराठीत तर फारच लवचीक आहे. आपली भाषा प्रत्यय शब्दालाच चिकटवते, 'नागपूरहून' हा एक शब्द. पण ज्याला फुगवायचंय त्याच्यासाठी क्रियापदं मोकळी आहेत. 'केले' हा एक शब्द, 'केलेले आहे' हे दोन, 'करण्यात आले आहे' हे तीन, 'करण्यात आलेले दिसून येत आहे' हे पाच. आठवीतल्या मुलांनी ही युक्ती माझ्या नियमामुळे शोधली. फुगवलेलं वाक्य वाचताना मला लगेच कळायचं, की इथे खूण सापडली नाही म्हणून ही माती भरलेली आहे. तरी मी आकडा सोडला नाही.

पण एका वहीबद्दल मला बोलायचंच आहे. मुलगा बोलायचा कमी, बसायचा खिडकीच्या बाकावर. त्याचा निबंध मी मोजला, ६१ शब्द भरले. त्यातली ही वाक्यं मला पाठ आहेत: 'उन्हाळ्यात बाबा कूलरच्या ताट्या बदलायला जातात. त्यांच्या हाताला वाळ्याचा वास येतो. रात्री जेवताना पोळीलापण तोच वास येतो. आमच्या घरी कूलर नाही. पण बाबा आले की कूलरचा वास येतो.'

मी लाल पेनने लिहिलं, 'शब्दसंख्या अपुरी. पुन्हा लिहा.'

त्याने लिहिलं. दोन दिवसांनी वही आली, २०० च्या वर शब्द, अक्षर नीट, सुरुवात 'उन्हाळा हा एक महत्त्वाचा ऋतू आहे'. पाण्याचं महत्त्व होतं, झाडे लावा होतं. त्याचे वडील त्यात कुठेच नव्हते. मी त्याला दहापैकी सात दिले. चूक समजली ती उन्हाळ्याच्या सुट्टीत, आमच्याच घरी कूलरच्या ताट्या बदलायला कुणीतरी आलं तेव्हा. ओल्या वाळ्याचा वास घरभर पसरला आणि मला ते ६१ शब्द सगळेच्या सगळे आठवले. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा त्याच्या घरच्यांनी त्याचं नाव दुसरीकडे घातलं होतं. त्याला सांगायचं राहिलं.

त्यानंतर २०० चा आकडा फळ्यावर राहिला, पण मी वही आधी वाचायला लागले आणि मग मोजायला. खूण सापडली की मोजणं थांबवायची. या बदलाची घोषणा मी वर्गात केली नाही. केली असती तर सगळ्यांनीच पाच ओळींवर पेन ठेवलं असतं, आणि बहुतेकांच्या पाच ओळी अजूनही त्याच होत्या, तीन ऋतूंपैकी एक ऋतू.

हे सगळं आता पुन्हा वर यायचं कारण आई. आई ८४ वर्षांची आहे, प्राथमिक शिक्षिका होती. पेन्शनच्या फेरगणनेसाठी तिने एका कार्यालयात अर्ज केला, स्वतःच्या हाताने, अजूनही मोत्यासारख्या अक्षरात. सात महिन्यांनी उत्तर आलं. 'आपली विनंती मान्य करता येत नाही.' खाली सही, शिक्का. आईने चष्मा लावून ते दोनदा वाचलं, कागद उलटून मागे काही आहे का पाहिलं, आणि मला म्हणाली, 'काऊन येत नाही ते तर लिहिलंच नाही गं.'

सहा शब्द. 'पोचलो' या एका शब्दापेक्षा पाचने जास्त, आणि तरी किती कमी. बाबांचा प्रश्न तिथे कुणी विचारलाच नव्हता. तिला काय काय माहीत आहे? तिला काहीच माहीत नव्हतं. कुठला कागद कमी पडला, कुठला नियम आडवा आला, की अर्ज कुणी उघडलाच नाही, यातलं काहीही खरं असू शकत होतं. त्या सहा शब्दांत आई नव्हती. तो कागद कुणालाही, कशाच्याही उत्तरादाखल देता आला असता. 'भावपूर्ण श्रद्धांजली'मागे निदान माया होती.

माझी भाची इथे हायकोर्टात, नागपूर खंडपीठात वकिली करते. तिला कागद दाखवला. ती म्हणाली, मावशी, तुझा किमान शब्दांचा नियम कायद्यातही आहे, फक्त तिथे शब्द मोजत नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची, तिच्या विसाव्या आदेशातला चौथा नियम तिने मला वाचून दाखवला. लघुवाद न्यायालयाच्या निकालात मुद्दे आणि त्यावरचा निर्णय एवढं असलं तरी चालतं. बाकीच्या न्यायालयांच्या निकालात प्रकरणाची थोडक्यात हकीकत हवी, मुद्दे हवेत, निर्णय हवा आणि त्या निर्णयाची कारणं हवीत. 'थोडक्यात' हा शब्द नियमातच आहे. लांबी नको, पण हे चार तरी हवेतच. मी तो नियम वहीत उतरवून घेतला. शिकवत होते तेव्हा हाती लागायला हवा होता.

सरकारी कचेऱ्यांचं काय, मी विचारलं. तिने सांगितलं की १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हे स्पष्ट केलंय. अर्धन्यायिक, म्हणजे न्यायाधीशासारखा निवाडा करण्याचे अधिकार वापरणाऱ्या प्रशासकीय अधिकाऱ्यानेही कारणं नोंदवली पाहिजेत. ती कोर्टाच्या निकालासारखी सविस्तर नसली तरी चालेल, पण प्रकरणाचा विचार झालाय हे त्यातून दिसावं इतकी स्पष्ट हवीत. वकील मंडळी अशा आदेशाला स्पीकिंग ऑर्डर म्हणतात, बोलणारा आदेश. आणि माहिती अधिकार अधिनियम २००५, त्याच्या चौथ्या कलमात लिहिलंय की प्रशासकीय निर्णयाची कारणं ज्याच्यावर त्याचा परिणाम होतो त्याला द्यायची.

मग अर्ज लिहायला बसले. माहिती अधिकाराच्या अर्जाला महाराष्ट्रात १५० शब्दांची मर्यादा आहे, २०१२ पासून, आणि एका अर्जात एकच विषय. माझा पहिला खर्डा चारशेच्या घरात गेला. त्यात आईची नोकरी होती, तिने खेड्यांतून काढलेली वर्षं होती, माझा रागही होता. सगळं खरं, पण वाचणाऱ्याच्या उपयोगाचं त्यातलं थोडंच. आयुष्यभर मुलांना 'अजून लिहा' म्हणत आले आणि त्या रात्री मी बाबांची पेन्सिल घेऊन एकेक शब्द खोडत होते. राग गेला, विशेषणं गेली. उरलं ते इतकंच: अमुक तारखेचं पत्र, अमुक जावक क्रमांक, या निर्णयाची कारणं आणि ज्या नोंदींवर तो घेतला त्यांच्या प्रती मिळाव्यात. ११२ शब्द. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. अर्जदार म्हणून सही आईने केली, थरथरत, पण पूर्ण नाव.

२६ व्या दिवशी उत्तर आलं, दीड पान. 'कळविण्यात येते की', 'अवगत करण्यात येत आहे', 'निदर्शनास आणून देण्यात येत आहे' असं बरंच. माझ्या आठवीतल्या मुलांची आठवण झाली. आई ऐकत होती, मी वाचत होते. दुसऱ्या परिच्छेदाच्या मध्ये एक वाक्य आलं: जून १९७१ ते जुलै १९७२ या १४ महिन्यांच्या सेवेच्या पडताळणीचा शेरा सेवापुस्तकात आढळत नाही.

'थांब,' आई म्हणाली. 'पुन्हा वाच तेवढं.'

मी पुन्हा वाचलं.

'एकाहत्तर म्हणजे मी मौद्याकडे होते. तू तेव्हा लहान होतीस.' ती खुर्चीचे हात धरून उठायला लागली. 'तिथले हेडमास्तर बदलून गेले, पुस्तक तसंच राहून गेलं असेल. पण हजर झाल्याचा कागद आहे ना माझ्याजवळ. बदलीचापण आहे. एवढंच होतं तर आधीच सांगायचं ना त्यांनी.'

लोखंडी पेटी पलंगाखाली होती. कुलूप लागत नव्हतं, मी ते ओढून काढलं. आईने मला बाजूला सारलं आणि स्वतः खाली बसली. वरच्या दोन साड्या तिने माझ्या मांडीवर दिल्या, मग एक शाल, मग बाबांचा कोट, आणि तळाशी, वर्तमानपत्राच्या घडीत गुंडाळलेला गठ्ठा लागला तेव्हा म्हणाली, 'चष्मा दे.'